मुधोळची डावी विंग

मावल्याचा संघ यंदाही शेवटच्या चारांत येणार नाही, असं लेखी मत मुहाफिजसाहेबांनी ऑफिसच्या नोटीस बोर्डावर टाचणीनं लावलं, त्या दिवशी मी त्यांच्याशी बोलणं टाकलं. चार दिवस टाकलं. पाचव्या दिवशी एका जुन्या फाईलसाठी त्यांच्याच दारात उभं राहावं लागलं. त्यांनी फाईल काढली, धूळ झटकली आणि म्हणाले, "फाईल घ्या. मत बदलनार नाई."

इथे एक खुलासा केलेला बरा. मावल्याला फुटबॉलचा संघ नव्हता. मावल्यालाच काय, त्या लीगमधल्या एकाही गावाला नव्हता. आदिलाबाद, मावला, मुधोळ, निर्मल, भैंसा, बोथ, उटनूर आणि आसिफाबाद हे आठही संघ मुहाफिजसाहेबांच्या टेबलाच्या खालच्या ड्रॉवरमध्ये राहत. त्यांचे सामने रोज दुपारी, जेवणाच्या सुट्टीत, सात कवड्यांवर होत. मी मावल्यात भाड्याच्या खोलीत राहत होतो, एवढ्यावरून माझी निष्ठा त्या संघाला बांधली गेली होती. भाडेकरूलाही स्वाभिमान असतो.

आमचं ऑफिस जमिनीच्या कागदांचं, आणि ते त्यातली रेकॉर्ड रूम सांभाळत. सरकारनं त्यांच्या पदाला केव्हाच एक बेचव इंग्रजी नाव दिलं होतं, पण निजामाच्या काळापासून त्या खोलीला मुहाफिजखाना म्हणत, म्हणून ते मुहाफिजसाहेब. उंच, थोडे पुढे झुकलेले, उन्हाळ्यातही बंद गळ्याचा कोट. कोटाच्या खिशात पोलिसी शिट्टी. ऑफिसात शिट्टी वाजवणं नियमात बसत नाही म्हणून सामना सुरू करताना ते ती तोंडात धरून नुसते गाल फुगवत. नियमाचा एवढा मान राखणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही, आणि सरकारी वेळेत फुटबॉलची लीग चालवणाराही.

खरा फुटबॉल त्यांनी आयुष्यात एकदाच पाहिला होता, हैदराबादेत, तोही बसच्या खिडकीतून. सिग्नल सुटेपर्यंत. बाकीचं ज्ञान रेकॉर्ड रूममध्ये सापडलेल्या एका उर्दू पुस्तकातून आलं होतं. निजामाच्या पोलिसांच्या संघासाठी कुणीतरी छापलेली ती नियमावली होती. तिची निम्मी पानं वाळवीनं खाल्ली होती. उरलेली साहेबांनी भरून काढली. "ऑफसाइड म्हंजे काय?" मी एकदा विचारलं. "अतिक्रमन," ते म्हणाले. "दुसऱ्याच्या हद्दीत त्याच्या पाठीमागं जाऊन उभं राह्यचं. आपल्या जिल्ह्यात कोनाले शिकवा लागते का?" कुठलाही वाद त्यांच्यापुढे नेला की पहिलं वाक्य ठरलेलं असे, "पहिले हद्द पाहा." भिंतीचा वाद असो, बायकोचा असो किंवा पेनल्टीचा.

खेळाडू सगळे मयत होते.

हे असं झालं. पटवारी बंद झाले तेव्हा गावोगावची दप्तरं गाठोडी बांधून आमच्या ऑफिसात येऊन पडली. त्या रजिस्टरांत जो जमीनमालक वारला त्याच्या नावाभोवती लाल शाईचं कडं काढायची पद्धत होती. वारसांची नावं लागेपर्यंत ते कडं तसंच राही, म्हणजे बहुधा कायमचं राही. साहेबांनी आपले सगळे खेळाडू या लाल कड्यांतून निवडले. जिवंत माणसाला खेळवायचं नाही, हा लीगचा पहिला नियम. "जित्ता मानूस भांडाले येते," ते म्हणत. "मले बेंचवर काऊन बसवलं, म्हनून. मयत मानूस शिस्तीत राह्यते."

निवडीचं शास्त्र तर बघण्यासारखं होतं. ज्याच्या नावावर चार-चार खटले चालू असताना तो वारला, तो बचावात. मागे हटायची सवयच नाही. ज्याची जमीन नाल्याकाठी आणि दर पावसाळ्यात वाहून जाणारी, तो गोलकीपर, कारण येणाऱ्या लोंढ्यापुढे उभं राहणं त्याच्या अंगवळणी पडलेलं. आणि ज्याच्या शेताला जायला वाटच नाही, तो विंगवर. आयुष्यभर दुसऱ्यांच्या बांधांवरून, शिव्या खात, पळत जाणारा माणूस चेंडू घेऊन का नाही पळणार? सातही कवड्या उताण्या पडल्या की गोल. बिनवाटेच्या माणसाला मात्र सहालाही गोल मिळे. ही एवढी एकच सवलत त्यांच्या लीगमध्ये होती, आणि सरकारात तीही नव्हती.

सामन्याआधी ते उभे राहत आणि आम्हालाही उभं करत. एक मिनिट शांतता. पहिल्यांदा मला वाटलं ऑफिसातलं कुणी गेलं. "बावीस मयत मैदानात उतरून राह्यले," ते कुजबुजले, "डबा बंद करा."

या लीगवर सगळ्या ऑफिसला मत असे. मत नसलेला माणूस त्यांना चालत नसे, आणि तोंडी मतही चालत नसे. मत कागदावर द्यायचं, खाली कारण लिहायचं, सही करायची. मग ते कागद लाल शेरा मारून परत येत. आमच्या टायपिस्टबाई निर्मलच्या. त्यांनी एकदा लिहिलं, "निर्मल विजेता होईल, कारण लाकडी कप निर्मललाच बनला आहे." कप खरोखरच निर्मलचा होता, आंब्याफणसाची चित्रं रंगवलेला, विजेत्या गावाच्या गठ्ठ्यावर वर्षभर ठेवला जाई. बाईंचा कागद परत आला, "कारण अपुरे. मडकी घडवतो म्हणून कुंभाराला पाणी जास्त मिळत नाही." बाई दोन दिवस चिडून होत्या. चेंडू कसा दिसतो हे पाहिलेली माणसं ऑफिसात जेमतेम तीन असतील, पण आसिफाबादची मधली फळी कशी ढिसाळ आहे यावर चहाच्या टपरीपर्यंत भांडणं चालत.

त्यांचं स्वतःचं मत, आणि आठवड्यातल्या सामन्यांचं वर्णन, दर सोमवारी पत्रकातून येई. बोर्डावरचा तो एकमेव मराठी कागद. ऑफिसचं कामकाज तेलुगूत, जुने लोक बोलायचे उर्दूत, शेतकरी आमच्या मराठीत आणि मोठे साहेब सगळ्यांशी हिंदीत. मोठे साहेब समुद्रकिनाऱ्याकडचे तेलुगू, त्यांना मराठी अक्षर लागत नसे. पत्रकावर विषय, संदर्भ, सही आणि खाली जावक क्रमांक असल्यामुळे ते सीमेवरच्या शेतकऱ्यांसाठी काढलेलं काहीतरी उपयुक्त निवेदन असावं, असं ते वर्षानुवर्षं समजत आले होते. एकदा तर एका तपासणीत त्यांनी ते वरच्यांना कौतुकानं दाखवलं. त्यात लिहिलेलं होतं, "मावला संघाबाबत मत देण्याजोगे काही नाही. संघ आहे, एवढेच."

आणि मग नव्वदच्या आसपासचा तो मोसम आला, ज्यात मावला खेळायला लागला. कवड्यांना काय झालं देव जाणे. संक्रांतीच्या तोंडावर निर्मल, भैंसा आणि आसिफाबाद शेवटच्या चारांत पोचले होते. चौथ्या जागेसाठी मुधोळ आणि मावला. मुधोळ दोन गुणांनी पुढे, आणि मुधोळकडे होता मारोती पिराजी. डावी विंग. हा इसम तीन मोसम माझ्या छातीवर बसलेला होता. एका सामन्यात त्यानं मावल्यावर चार गोल चढवले, त्यातले तीन सहा कवड्यांचे, सवलतीचे. त्या दिवशी मी डबा तसाच परत नेला. साहेब मूळ मुधोळकडचे, म्हणून मी उघड बोललोही की हे पक्षपाताचं लक्षण आहे. ते म्हणाले, "त्याच्या वावराचा नकाशा पाहा. चारी अंगानं बंद. असा खेळाडू जिल्ह्यात नाई."

शेवटच्या आठवड्यात एका सकाळी माझ्या टेबलापुढे एक म्हातारा येऊन उभा राहिला. गुडघ्यातून वाकलेला, हातात काठी, काखेत प्लॅस्टिकची पिशवी.

"साहेब, वावरात जायाले वाट पाह्यजे," तो म्हणाला. "शेजाऱ्यानं औंदा काटे लावले. कापूस येचून झोपडीत पडला हाय. पोरं डोक्यावर घेऊन बांधानं निंगाले का तो मारासाठी धावून येते. मोजून वाट देत असते म्हने सरकार."

"नाव?"

"मारोती पिराजी. मुधोळकडचा."

मी उभाच राहिलो. रजिस्टर उघडलं. तेच नाव, तीच जमीन, नावाभोवती लाल कडं. अर्जदाराला त्याच्या गोलांवरून ओळखणारा मी जिल्ह्यातला पहिलाच कारकून असेन. मी त्याला सांगितलं की वाट मागण्यासाठी आधी माणूस जिवंत लागतो, आणि कागदावर तो तीन वर्षांपूर्वी वारला आहे. म्हाताऱ्यानं स्वतःच्या हाताकडे बघितलं.

आता खरं सांगतो. एखादा माणूस जिवंत आहे याचा एवढा आनंद मला आयुष्यात कधी झाला नव्हता. जिवंत माणूस खेळवायचा नाही, हा पहिला नियम. मुधोळचे गुण गेले. मावला शेवटच्या चारांत! मी म्हाताऱ्याचा हात धरून त्याला जवळजवळ ओढतच रेकॉर्ड रूममध्ये नेलं.

"हे कोन?" साहेबांनी विचारलं.

"मारोती पिराजी," मी म्हणालो. "डावी विंग."

साहेब उठले. त्यांनी म्हाताऱ्याला खुर्ची दिली, जी ते कुणालाही देत नसत. मग विचारलं, "वावर चारी अंगानं बंद हाय?"

"हो न, साहेब."

"चावडीवर दर सालाची सही कराले काऊन नाई आले इतके वर्ष?"

"गुडघा," म्हातारा म्हणाला. "चालनं व्हत नाई."

साहेबांनी रजिस्टर मागितलं, ते पान पाहिलं, बराच वेळ पाहिलं आणि मिटलं. "उद्या या," म्हणाले. सरकारी माणूस हे शब्द कधी म्हणतो ते मला ठाऊक होतं, पण त्यांच्या तोंडून मी ते पहिल्यांदा ऐकले.

मारोती उद्याही आला, परवाही आला. सरपंचाचा दाखला आणला, रेशन कार्ड आणलं, दोन साक्षीदार आणले. मोठ्या साहेबांनी सगळं नीट पाहिलं आणि कायदा सांगितला. "ये आदमी ज़िंदा है, ठीक है. लेकिन रजिस्टर में पट्टेदार मरा हुआ है. किसके ऑर्डर से मरा? वो ऑर्डर लाओ, तो कैंसल करता हूँ." ऑर्डर कुठेच नव्हती. ज्या हुकमानं माणूस मेला तो हुकूम सापडेपर्यंत त्याला जिवंत करता येत नव्हतं. टायपिस्टबाई म्हणाल्या, "येवढं तर यमाच्या ऑफिसातबी नसन." मारोती दारापाशी पायरीवर बसून राही. झोपडीतल्या कापसाला पोरांनी आळीपाळीनं राखण ठेवली होती, आणि धाकट्याचं डोकं शेजाऱ्यानं फोडलं होतं.

मी मात्र माझं मत लेखी दिलं. मुधोळचे सर्व गुण रद्द व्हावेत, कारण खेळाडू अपात्र. संध्याकाळी कागद परत आला. शेरा होता, "कारण पुरेसे. हेतू गढूळ." मी तणतणत आत गेलो. साहेब रिकाम्या टेबलापुढे बसले होते, कवड्या बाहेर काढलेल्या नव्हत्या.

"ते लाल कडं मी मारलं," ते म्हणाले.

मला आधी कळलंच नाही.

"मुधोळले डावी विंग नव्हती. हा नकाशा दिसला. तीन वर्ष सही नाई, म्हटलं गेला असन बिचारा. गावात जाऊन पाह्यतो म्हटलं, आन् कडं मारून टाकलं. मंग मोसम सुरू झाला." मग म्हणाले, "बाकी सातही गावांत मी एक नाव बिनतपासाचं घेतलं नाई. आपल्याच गावाले घेतलं."

त्यांच्या निवृत्तीला चार महिने होते. ते गप्प बसले असते तर कुणाच्या बापाला कळलं नसतं. शाईवर कुणाचं नाव नसतं. मी हे त्यांना सांगितलंही, आणि सांगताना मावल्याचे गुण माझ्या डोक्यातून गेले नव्हते, हेही कबूल करतो. ते एवढंच म्हणाले, "पहिले हद्द पाहा. मी वलांडली."

दुसऱ्या दिवशी ते रजेवर गेले. एवढ्या वर्षांतली त्यांची ही पहिलीच रजा असावी, कारण रेकॉर्ड रूमची किल्ली कुणाकडे द्यायची हे ऑफिसात कुणालाच ठाऊक नव्हतं. सोमवारी ते परत आले आणि बोर्डावर पत्रक लागलं. त्यातला मजकूर माझ्या अजून लक्षात आहे.

"विषय: मुधोळ संघाचे गुण रद्द करणेबाबत. मुधोळ संघाने तीन मोसम जिवंत खेळाडू खेळवला. चूक संघाची नाही, खेळाडूचीही नाही. मारोती पिराजी हे हयात असून त्यांच्या नावाभोवतीचे लाल वर्तुळ कोणत्याही आदेशाविना, कोणत्याही तपासाविना, निम्नस्वाक्षरीकाराने स्वतःच्या हाताने काढले. संघाला डावी विंग हवी होती, हे एकमेव कारण. कारण अपुरे. मुधोळ संघाचे सर्व गुण व मारोती पिराजी यांचे एकोणीस गोल रद्द करण्यात येत आहेत. चौथ्या स्थानी मावला." खाली सही, हुद्दा, तारीख, जावक क्रमांक.

साधा कबुलीजबाब एका अर्जावर लिहून ते मोठ्या साहेबांच्या टेबलावर ठेवू शकले असते. पण मला वाटतं, त्यांना खरं लिहायची सवय फक्त त्या पत्रकातच होती. तिथे त्यांनी कधी कुणाला सूट दिली नव्हती.

टायपिस्टबाईंनी ते पत्रक काढून मोठ्या साहेबांना तेलुगूत वाचून दाखवलं. मुधोळ, मावला, विंग, गोल. मोठ्या साहेबांनी पत्रक उलटसुलट करून पाहिलं. इतक्या वर्षांचं शेतकऱ्यांसाठीचं उपयुक्त निवेदन असं अंगावर आलं की माणूस कागदाची मागची बाजूही बघतो. मग त्यांनी विचारलं, "इसपे जावक नंबर है?" आहे म्हटल्यावर त्यांनी ते मारोतीच्या फाईलला लावायला सांगितलं. सरपंचाचा दाखला चालला नव्हता, रेशन कार्ड चाललं नव्हतं, समोर उभा असलेला म्हातारा स्वतः चालला नव्हता. फुटबॉलच्या लीगचं पत्रक चाललं. लाल कड्यावर हिरव्या शाईची काट पडली, मारोती पिराजी जिवंत झाला आणि त्याच दिवशी त्याचा वाटेचा अर्ज दाखल झाला.

त्याच दिवशी मुहाफिजसाहेबांच्या सेवापुस्तकात ठपका पडला. एकतीस वर्षांत पहिला. रेकॉर्ड रूम त्यांच्याकडून काढून घेतली आणि उरलेले महिने त्यांना आवक टपालाच्या टेबलावर बसवलं. ऑफिसात कोणताही खेळ खेळू नये, असा लेखी हुकूम निघाला. मावला इतिहासात पहिल्यांदा शेवटच्या चारांत पोचला आणि लीग बंद पडली. माझ्या नशिबाबद्दल मला वेगळं मत देण्यासारखं काही नाही.

महिन्याभरानं मारोती आला. मोजणीदार येऊन शेजाऱ्याच्या बांधालगत वाट आखून गेला होता, कापूस बाहेर पडला होता. हातात दुरुस्त उताऱ्याची नक्कल होती. तो सरळ टपालाच्या टेबलापाशी गेला. साहेब त्याच्याकडे बघेनात.

"मारोतीराव, माह्यामुळं तुमी मेले होते," ते टेबलाकडे बघत म्हणाले. "मले माफ करा."

म्हातारा समोरच्या बाकावर बसला. "बाई सांगून राह्यल्या होत्या, मी खेळत होतो म्हने."

"हो."

"किती गोल केले?"

"एकोणीस. पन रद्द झाले."

"काऊन?"

"तुमी जित्ते हाय म्हनून."

मारोतीनं यावर थोडा विचार केला. मग म्हणाला, "मले लिवता-वाचता येत नाई. काय लिवलं होतं ते एक डाव वाचून दाखवा."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. जुनी पत्रकं मी घरी नेऊन ठेवली होती, का ते विचारू नका. दुसऱ्या दिवशी घेऊन आलो. म्हातारा रात्री कुठे राहिला कोण जाणे, पण सकाळी बाकावर होता. साहेबांनी नेमकं मावल्याविरुद्धचं पत्रक उचललं, मलाही समोर उभं राहून ऐकावं लागलं. कवड्या पडल्यावर आमच्यापुढे फक्त आकडा असे. बाकीचं सगळं ते संध्याकाळी बसून लिहीत.

"मारोती पिराजी यांनी चेंडू आपल्या हद्दीत घेतला," साहेब वाचत होते. "पहिला माणूस आडवा आला, त्याला त्यांनी मागे टाकले. दुसरा आला, तोही राहिला. कोणाची परवानगी न घेता, कोणाला हात न जोडता, चौघांच्या हद्दीतून ते सरळ निघाले. त्यांना कोणीही शिवी दिली नाही. मैदान मोकळे होते." तीन वर्षांत मी हा मजकूर रागारागानं पुष्कळदा वाचला होता, पण त्यात काय लिहिलंय ते मला त्या दिवशी ऐकू आलं. माझी मलाच लाज वाटली.

म्हातारा दोन्ही हात काठीवर ठेवून ऐकत होता. वाचून झाल्यावर त्यानं तो कागद मागितला. "पन हे रद्द झालं हाय," साहेब म्हणाले, "याचा आता काई उपेग नाई. तुमचा उतारा तेवढा सांभाळून ठेवा."

मारोतीनं पिशवीतून उताऱ्याची नक्कल काढली आणि माझ्या हातात दिली. "ही थोरल्याच्या नावानं टपालात टाकून द्या," तो म्हणाला. पत्रकाची मात्र त्यानं चार घड्यांची घडी केली आणि आतल्या बंडीच्या खिशात ठेवली.

"जमीन तर पोराईची होईन, साहेब," तो म्हणाला. "हे माहं हाय."